तळ बघून घेतलेली होडी

वापरलेली ड्रिफ्ट बोट, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहत जाणारी वल्ह्यांची होडी, घ्यायची असेल तर आधी ट्रेलरखाली शिरायचं. रंग, खुर्च्या, वल्ही, नांगराची कप्पी हे सगळं नंतर. जमिनीवर एखादं पोतं अंथरायचं, पाठ टेकायची, हातात बॅटरी घ्यायची आणि तळ बघायचा. उथळ, खडकाळ नदीत वावरलेल्या होडीचं सगळं आयुष्य तळावर उमटलेलं असतं, आणि तिथे सारवासारव करायला फारसा वाव नसतो. तळाला नुकताच ताजा रंग मारलेला दिसला, तर तो आत्ताच का मारला हा पहिला प्रश्न.

चरे असणारच. एकही चरा नसलेली होडी नदीत उतरलेलीच नाही, असं खुशाल समजावं. पण चरे कुठल्या दिशेने गेलेत ते बघायचं. पुढून मागे, लांबीच्या दिशेने गेलेले उथळ चरे म्हणजे होडी दगडावरून घसरून पुढे गेली. त्यात काळजीसारखं काही नाही. आडवे, खोल ओरखडे दिसले की थांबायचं. होडी प्रवाहात आडवी झाली होती, दगडावर चढली होती आणि पाण्याने तिला तिथे दाबून धरलं होतं. मग तळ आणि बाजू जिथे मिळतात त्या कडेवरून बोट फिरवायचं. झीज सगळ्यात आधी तिथे होते. फायबरग्लासच्या होडीचा वरचा गुळगुळीत थर, म्हणजे जेलकोट, गेला की खाली काचेचे धागे लागतात. हे धागे उघडे राहिले की त्यांच्यावाटे पाणी आत झिरपतं, आणि थर एकमेकांपासून सुटायला लागतात. कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसणाऱ्या बारीक भेगा वेगळ्या. अंगठ्याने जोरात दाबलं आणि भेगेखालचा भाग हलला नाही, तर ती भेग बहुतेक वेळा जेलकोटपुरतीच असते. भाग आत गेला, तर आतला थर मोडलाय.

मी कॉर्व्हॅलिसला राहतो, अमेरिकेच्या ओरेगन राज्यात. ज्या नदीसाठी ही होडी शोधत होतो तिचं नाव मॅकेन्झी. कॅस्केड पर्वतरांगेत क्लिअर लेक नावाचं एक तळं आहे, तिथे ती उगम पावते आणि साधारण १४५ किलोमीटर वाहून यूजीन शहराजवळ विलामेट नदीला मिळते. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी लाव्हा वाहत आला, त्याने पाण्याची वाट अडवली आणि हे तळं झालं. तेव्हा बुडालेल्या झाडांची खोडं त्या थंडगार, स्वच्छ पाण्यात आजही उभी दिसतात. झऱ्यांचं पाणी असल्यामुळे नदी उन्हाळ्यातही आटत नाही. पण ती खोल नाही. मधूनच एखादा हिरवा डोह, मग परत गुडघाभर पाणी आणि सगळीकडे काळे दगड. तो दगड मला अनोळखी नाही. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी. सह्याद्रीही लाव्ह्याचाच, फक्त साडेसहा कोटी वर्षं जुना. इथला दगड तरुण आहे, त्याच्या कडा अजून गोल झालेल्या नाहीत, आणि होडीच्या तळाला हा फरक चांगलाच जाणवतो.

'उथळ पाण्याला खळखळाट फार' हे आम्हाला शाळेत निबंधात लिहायला लावायचे, माणसांवर टीका म्हणून. या नदीवर वल्हं धरायला लागल्यापासून मी त्या खळखळाटाला फार मानतो. दगड पाण्याच्या वर असेल तर आवाज एक येतो, दगडावरून चार बोटं पाणी जात असेल तर वेगळा, आणि दगडाखाली पाणी खणून खड्डा पडला असेल तर आणखी वेगळा, घुमल्यासारखा. वळणापलीकडचं दिसत नाही, पण ऐकू येतं. मासाही बहुतेक त्याच खळखळाटाच्या आडोशाला असतो. दगडामागे पाणी जरा संथ होतं, तिथे तो ताकद न घालवता उभा राहतो आणि शेजारच्या धारेतून वाहत येणारे किडे टिपतो. म्हणजे जिथे होडीला धोका, तिथेच गळ टाकायची जागा. म्हणून या नदीला तिची स्वतःची होडी लागते.

ती होडी इथेच घडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅकेन्झीवरचे वाटाडे जड लाकडी नावा वापरत. मग हलक्या होड्या आल्या. यूजीनमधल्या टॉम कारहस या नॉर्वेजियन सुताराने प्लायवूड वापरायला सुरुवात केली, आणि त्याच्याकडे शिकलेल्या वुडी हिंडमनने १९४०च्या दशकात तिला आजचा आकार दिला. तळ सपाट, खाली कणा नाही. पुढचं आणि मागचं टोक कमानीसारखं वर उचललेलं, त्यामुळे होडीचा फक्त मधला भाग पाण्याला टेकतो आणि ती जागच्या जागी गिरकी घेते. बाजू बाहेर झुकलेल्या. सोळा फुटी होडीत तीन माणसं बसली तरी तिला वीतभर पाणी पुरतं. मोटर नाही, फक्त वल्ही. १९७०च्या दशकात हाच आकार फायबरग्लासमध्ये यायला लागला.

लाकूड, अॅल्युमिनियम की फायबर, यावर इथल्या मासेमारांमध्ये वाद रंगतात, आणि प्रत्येकाची बाजू खरी असते. लाकडी होडीइतकी देखणी दुसरी नाही, पण ती दरवर्षी हातभर सेवा मागते. अॅल्युमिनियम दणकट. आपटलं तर पोचा पडतो, फुटत नाही. पण दगडावर ते चिकटतं. मऊ धातू खरखरीत दगडावर घासला की पकडला जातो, होडी अडते, आणि अडलेल्या होडीला प्रवाह फिरवून आडवी करतो. शिवाय आवाज. वल्ह्याची मूठ नुसती काठावर आपटली तरी डोहातल्या माशांना वर्दी पोचते. फायबर घसरतं. दगड लागला की तळ किंचित दबतो, घासतो आणि पुढे निघतो. जोरात आपटलं तर तडा जाईल हे खरं, पण तो तडा घरी, आपल्या हातांनी भरता येतो. उथळ नदीत दगड चुकवायचे असतात, पण सगळे चुकत नाहीत. त्यामुळे माझ्या लेखी प्रश्न होडी किती घट्ट आहे हा नव्हताच. दगडाला लागल्यावर ती काय करते, हा होता. नव्या होडीला ट्रेलरसकट दहा हजार डॉलरच्या वर मोजावे लागतात, म्हणून जुनी शोधायची हे आधीच ठरलेलं होतं. पण शोधताना लक्षात आलं की पैसे असते तरी मी जुनीच घेतली असती. दगडाला लागल्यावर नवी होडी काय करेल ते फक्त विकणारा सांगतो. जुनीने ते करून दाखवलेलं असतं.

बऱ्याच होड्या बघून झाल्यावर ही एक मिळाली. विकणाऱ्या बाई शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. बरीच वर्षं स्वतः वल्हवत होत्या, आणि आता खांदा साथ देत नव्हता. त्या वेळी बाबा आमच्याकडे आले होते, तेही बरोबर आले. मी ट्रेलरखाली पडून बॅटरीने कडा बघत होतो, आणि बाबा होडीभोवती हात मागे बांधून फिरत होते.

"वाजवून बघितलीस का?" त्यांनी विचारलं.

"बघतोय बाबा, आधी भेगा बघू दे."

"भेगा डोळ्याला दिसतात रे. न दिसणारं कानाला कळतं. पाच रुपयांचं मडकं आपण वाजवून घेतो, आणि ही एवढी मोठी वस्तू."

आणि त्यांनी बोटांच्या पेरांनी तळ वाजवायला सुरुवात केली. पुढच्या टोकापासून, हातभर अंतराने, शांतपणे. टक, टक, टक. फायबर सलग असेल तर आवाज कोरडा आणि कडक येतो. थर सुटले असतील किंवा आत पाणी मुरलं असेल तर तो बसका होतो. जुनी होडी तपासणारी जाणती माणसं इथेही हेच करतात, फक्त हातात प्लास्टिकची हातोडी घेऊन. उजव्या बाजूला, वल्हवणाऱ्याच्या पायांच्या जरा पुढे, आवाज बदलला. बाबा थांबले, परत मागे गेले, परत पुढे आले. "इथं काहीतरी केलंय," ते म्हणाले.

मी बाईंना ते सांगितलं. त्या हसल्या आणि आत चढून त्यांनी सीटखालच्या पेटीचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला काळ्या मार्करने यादी लिहिलेली होती. साल, जागा, काय झालं, कशाने भरलं. सात-आठ ओळी, हळूहळू बदलत गेलेल्या अक्षरात. बाबांनी दाखवलेली जागा त्यात होती. फिन रॉकच्या खाली होडी दगडावर बसली होती, बाहेरून दुरुस्त केली आणि आतूनही एक जादा थर दिला. तिथली जाडी दुप्पट झाली, म्हणून आवाज बदलला. शेवटच्या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं. एपॉक्सी.

हा शब्द महत्त्वाचा होता. काचेचे धागे एकत्र बांधून ठेवतं ते रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारा चिकट द्रव. बहुतेक फायबर होड्या पॉलिएस्टर रेझिनच्या असतात, एपॉक्सी ही रेझिनची दुसरी जात. पॉलिएस्टरवर एपॉक्सी छान धरतं, पण एपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही, आणि नेहमीचा जेलकोटही पॉलिएस्टरच असतो. जुन्या मालकाने काय वापरलं हे माहीत नसेल, तर पुढच्या माणसाचं ठिगळ एक दिवस सालपटासारखं निघून येतं. असं लिहून ठेवणारा माणूस विरळा. त्या झाकणासाठीच मी घासाघीस केली नाही. सांगितलेली किंमत वाजवी होती, नव्या होडीच्या निम्म्याहून बरीच कमी.

पण बाईंनी पैसे घ्यायच्या आधी अट घातली. होडी पाण्यात बघितल्याशिवाय घ्यायची नाही.

आम्ही तिघं वरच्या घाटावरून निघालो. थोडा वेळ त्यांनी वल्हवलं, मग दुखरा खांदा धरून मला मधल्या जागेवर बसवलं. या होडीत वल्हवणारा वाहत्या दिशेला तोंड करून बसतो. समोरून दगड येताना दिसतो, आणि हात मात्र मागे ओढत असतात, प्रवाहाच्या विरुद्ध. त्यामुळे होडी पाण्यापेक्षा सावकाश जाते, आणि विचार करायला वेळ मिळतो. दगड चुकवायचा तर त्याच्यापासून पळायचं नाही. होडीचं पुढचं टोक धोक्याकडे वळवायचं, मागचं टोक जिकडे जायचं तिकडे करायचं आणि ओढायचं. होडी तिरकी सरकत बाजूला जाते. "धोका समोर ठेवा," बाई सांगत होत्या, "पाठ दाखवू नका, आणि घाईने पुढे वल्हवू नका. पुढे वल्हवलंत की वेग वाढतो, आणि वेग वाढला की दगड जवळ येतो."

एका खळाळात दोन दगडांमधून जायचं होतं आणि तिसरा, पाण्याखालचा, कुणालाच दिसला नव्हता. तळाखालून खर्रर्र असा लांबलचक आवाज आला. पायांखालची जमीन क्षणभर थरथरली, तळ वर उचलल्यासारखा झाला आणि होडी सुटून पुढच्या डोहात आली. अडकणं नाही, आडवं होणं नाही. बाबांनी दोन्ही हातांनी काठ धरले होते. त्यांनी आमच्याकडे कृष्णेच्या पुरात माणसं काहिलीत बसून पलीकडे जाताना बघितली आहेत, गुळाच्या गुऱ्हाळातली ती भलीमोठी लोखंडी काहील. ते म्हणाले, "काहिलीला दिशा नसते, ती जाईल तिकडं जायचं. ही ऐकते." बाईंना मी ते इंग्रजीत सांगितलं. काहील म्हणजे काय, ती किती मोठी असते, उसाचा रस त्यात कसा आटवतात, हे सगळं त्यांनी विचारून घेतलं, आणि त्या नादात पुढचा घाट कधी आला कळलं नाही.

त्या दिवशी एक रेडसाइड मिळाला. मॅकेन्झीतल्या रेनबो ट्राउटला इथे रेडसाइड म्हणतात. ओल्या हातात धरला तेव्हा कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गुलाबी-लाल पट्टा, त्याच्यावर आणि खाली काळे बारीक ठिपके, आणि पाठीवर शेपटीच्या अलीकडे तो छोटासा मांसल पर शाबूत. मत्स्यबीज केंद्रात वाढवून सोडलेल्या ट्राउटचा तो पर कापलेला असतो, त्यावरून घरचा आणि रानातला ओळखायचा. रानातला परत सोडायचा असतो. बाबांना हे पटायला वेळ लागला. मासा पकडायचा आणि सोडायचा, मग पकडायचा कशाला? माझं उत्तर त्यांना तेव्हा पुरलं नाही. ते आजही तेच आहे. तो कुठे उभा असेल हे पाण्यावरून ओळखता येणं, तिथपर्यंत होडी आवाज न करता नेता येणं, आणि त्याने आपल्यावर विश्वास ठेवून गळावरचा खोटा किडा खरा मानणं, यातच माझी भूक भागते. घरी न्यायचा तर पर कापलेला नेतो, आणि बायको त्याला हळद-मीठ-तिखट लावून रव्यात तळते.

दगडाबद्दल एवढं लिहिलं, पण मला खरी भीती दगडाची वाटत नाही. झाडाची वाटते. सप्टेंबर २०२०मध्ये या खोऱ्यात हॉलिडे फार्म नावाने ओळखला जाणारा वणवा पेटला. पावणेदोन लाख एकरांच्या आसपास जंगल जळलं, ब्लू रिव्हर हे गाव जवळजवळ नाहीसं झालं, शेकडो घरं गेली. काठावरची जळकी झाडं अजून नदीत पडतात. पाण्यात आडव्या पडलेल्या झाडाच्या फांद्यांमधून पाणी निघून जातं, होडी आणि माणूस जात नाहीत. दगडावर घसरणारं फायबर तिथे काही कामाचं नाही, कारण फांद्या धरून ठेवतात. गेल्या आठवड्यात मोकळी असलेली वाट या आठवड्यात बंद असू शकते. म्हणून वळण दिसत नसेल तर आधी काठाला लागायचं, चालत जाऊन बघायचं, मग उतरायचं. खळाळांना अवघडपणावरून श्रेणी देतात. तिसऱ्या किंवा त्यावरच्या श्रेणीच्या खळाळात, जसा विडा गावाजवळचा मार्टेन रॅपिड, लाइफ जॅकेट घालणं ओरेगनमध्ये कायद्याने सक्तीचं आहे. मी ते घाटावरच घालतो आणि गाडीपाशी परत आल्यावरच काढतो. बरोबर येणाऱ्यांनाही ते घालायला लावतो, कुणी कितीही नाकं मुरडली तरी. यात भिडेखातर सूट नाही.

पहिल्या हिवाळ्यात होडी गॅरेजमध्ये घेतली. डाव्या कडेवर काचेचे धागे उघडे पडले होते, तेवढं काम करायचं होतं. आधी घासायचं, आणि नुसतं भोकापुरतं नाही. जखमेच्या चहूबाजूंनी लांब, सावकाश उतार काढायचा. थराच्या जाडीच्या निदान बारा पट लांब. ठिगळ चिकटतं ते त्या उतारावर. काचेची धूळ बारीक असते, ती फुप्फुसात जाऊ नये म्हणून चांगला मास्क लावायचा, बाह्या मनगटाशी बांधायच्या. मग अॅसिटोनने पुसायचं, काचेच्या धाग्यांच्या मॅटचे आणि कापडाचे तुकडे आकाराने वाढते कापून ठेवायचे, रेझिनमध्ये ते कडक करणारा हार्डनर मोजून घालायचा. थंडीत रेझिन सुकत नाही, म्हणून हीटर लावून गॅरेज गरम ठेवावं लागलं. रेझिन कालवल्यावर हातात मिनिटं मोजकी असतात. ब्रशने थापत, रोलरने दाबत आतली हवा बाहेर काढायची. पांढरं कापड रेझिन पिऊन हळूहळू पारदर्शक होतं आणि खालचा तळ दिसायला लागतो. तो क्षण मला फार आवडतो. जिथे कापड पांढरं राहिलं तिथे हवा राहिली, तिथे परत दाबायचं.

दुसऱ्या दिवशी हात फिरवला. कड परत एकसंध झाली होती, नखाला कुठेही अडकत नव्हती. झाकणावरच्या यादीत मी माझी ओळ लिहिली, मराठीत. बाईंना फोटो पाठवला तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, पॉलिएस्टर की एपॉक्सी? तेवढं इंग्रजीतही लिहा, पुढच्या माणसाला कळायला हवं. ते बरोबरच होतं, म्हणून खाली तेही लिहिलं.

आता उन्हाळ्यात रोज सकाळी फोनवर विडाजवळचा प्रवाह बघतो. तिथे नदी मोजायचं सरकारी ठाणं आहे, आकडे दिवसभर येत राहतात, आणि ते क्युसेकमध्येच असतात. ऑगस्टमध्ये आकडा दोन हजारांच्या आसपास उतरतो, दगडांची डोकी वर येतात, आणि वाट नव्याने शोधावी लागते. त्याच दिवसांत सांगलीत कृष्णा चढलेली असते. बाबा रोज आयर्विन पुलाजवळची पातळी सांगतात. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका, आणि २०१९ साली पाणी सत्तावन्नच्या वर गेलं होतं हे ते अजून विसरलेले नाहीत. परवा फोनवर त्यांनी आधी कोयनेतून किती सोडलंय ते सांगितलं, पातळी सांगितली, शेजाऱ्यांनी सामान माडीवर चढवल्याचं सांगितलं. मग विचारलं, "तुझ्याकडं किती?"

"एकवीसशे."

"मग त्या दोन दगडांमधला तिसरा दिसत असेल की आता."

"दिसतो. उजव्या अंगाने जातोय आता."

"जा. पण आधी ऐकून घे," बाबा म्हणाले, आणि त्यांनी फोन आईकडे दिला.